दोन कुलपांचं कपाट

मी अंगणवाडीचं कपाट बोलतोय. बोलायची मला हौस नाही. पण आमच्या सेविका अंजलीताई रोज फडकं मारताना डिवचतात, "सांग की म्हाताऱ्या, तुझ्यापुढं काय झालं ते. माझं कोण ऐकतंय?" म्हणून सांगतो. मध्ये बोलू नका.

माझा पत्रा चाळीस वर्षांपूर्वीचा, जाड. आजच्यासारखा पापड नव्हे. एकलहऱ्याला वीजकेंद्रातल्या एका फोरमनच्या घरी मी साड्या आणि लाडवांचे डबे राखले. फोरमन निवृत्त झाला, मी भंगारात गेलो. तिथून एका कंपनीनं उचललं, पिवळा रंग फासला, पोटावर जिराफ काढला आणि हरसूलकडच्या या पाड्यावर 'नवीन' म्हणून धाडलं. या वयात पोटावर जिराफ! जाऊ द्या.

खोली सरकारची, खेळणी कंपनीची. याला भागीदारी म्हणतात. जूनमध्ये नारळ फुटला, भाषणं झाली. कंपनीच्या कुंदन साहेबानं माझ्यातून चाकांचा लाकडी हत्ती काढला आणि सायलीच्या हातात दिला. सायली पाच वर्षांची. तिचे आईबाप दरसाल तिला घेऊन द्राक्षबागेत कामाला जातात.

"हस बेटा, हस!"

फोटो निघाला. "दे आता इकडं." पोरीनं दोरी घट्ट धरली होती. साहेबानं एकेक बोट सोडवलं. मी पाहिलंय.

मग मला दोन कुलपं लागली. एक कंपनीचं, एक अंगणवाड्या तपासणाऱ्या सरकारी मॅडमचं. दोघांनी मिळून उघडायचं, म्हणजे काही हरवलं तर एकट्यावर यायला नको. चाव्या दोघांच्या खिशात, दोघं नाशकात. वर सायलीचा फोटो मोठा करून माझ्याच दारावर चिकटवला.

सायली रोज यायची, दार ठोठावायची.

"ताई, माझा हत्ती झोपला का?"

"हो गं."

"रोजच झोपतो?"

अंजलीताई खिचडी ढवळायला निघून जायच्या.

दसरा झाला. द्राक्षांच्या छाटणीला माणसं न्यायला उद्या जीप येणार होती. अंजलीताईंनी फोन लावला, "साहेब, पोरगी उद्या चालली. तासभर खेळू द्या."

"ताई, मॅडम नसताना नको. नियम आहे."

मॅडमना लावला. "कंपनीचा माणूस नसताना मी कशी उघडू?"

मदतनीस धोंडाबाईनं दगडच उचलला. "सरका ताई! कुलूप हाय, देव नाय."

"मावशी, नोकरी जाईल माझी."

दगड खाली ठेवला तिनं. पण मावशीनं दोन्ही हातांनी माझं दार ओढलं. आता खरं सांगतो. माझं खालचं बिजागर भंगारातच निखळलं होतं, रंगानं नुसतं चिकटलेलं. मी जरा अंग सैल सोडलं असतं तर हत्ती बाहेर होता. पण मला माज. चाळीस वर्षं कुणाला दाद दिली नाही, तर आज का द्यावी? धरून ठेवलं मी दार.

सायलीनं माझ्याकडं बघितलं. "खोटं हाय हे कपाट," म्हणाली आणि गेली.

शिमग्याला ती परत आली, बोटभर उंच होऊन. जूनमध्ये पहिलीत गेली. आणि जुलैत, देव जाणे कसं, साहेब आणि मॅडम एकाच दिवशी आले. कुलपं निघाली. सायली दप्तर घेऊन दारात उभी होती.

"ये गं, घे तुझा हत्ती," अंजलीताई म्हणाल्या.

"नको. तो बारक्यांचा हाय." पण नजर हटेना तिची.

"हीच ना फोटोतली?" कुंदन साहेब हसले. "ये, अजून एक काढू."

पोरगी पळाली ती पुन्हा आत आली नाही.

आता कुलपं नाहीत. अंजलीताई भांडल्या, म्हणून गेली. पोरं हत्तीला दिवसभर फरफटवतात, एक चाक गेलंय. मला बरं वाटतं. तुम्ही कुणी खेळणी देणार असाल तर चावीसकट द्या, एवढंच मागणं.

सायलीचा मी गुन्हेगार आहे. ती रस्त्यानं शाळेत जाते तेव्हा दार किरकिरवून माफी मागतो. तिला ऐकू जात नसेल. पण तिचं ते हसू माझ्या तोंडावर चिकटवून मला खोटं ठरवलं, तो माणूस अजून माफी मागायला आलेला नाही. नाव सांगून ठेवतो.

कुंदन.