पंपाची सुट्टी

सरका, आणखी जरा पुढं सरका. सिंधूबाई, तुम्ही खांबाला टेकून बसा, गुडघे दुखतात तुमचे. बुक्का लावून झाला असेल तर मन इकडं द्या. आज निमोण्याच्या आनंदरावाची गोष्ट सांगतो. मायाळू माणसाची गोष्ट आहे, म्हणूनच सांगायला जड जाते. पण सांगणार, अगदी शेवटपर्यंत.

आनंदराव माळकरी. रान बेताचं, दावणीला एक बैलजोडी, आणि कीर्तनात पहिल्या ओळीत उभा राहणारा टाळकरी. बायको ललिता, आणि एकच लेक, नीलम. तान्ही असतानाच पोर पांढरीफटक पडली, दूध ओढेना. शिरूरला दाखवलं, शिरूरहून पुण्याला पाठवलं, तिथं दुखण्याचं नाव कळलं. थॅलेसेमिया. घरात कुणालाच ते नाव नीट म्हणता आलं नाही. एवढं मात्र पक्कं समजलं, की या लेकराचं रक्त अंगात टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी परक्याचं रक्त चढवायचं, जन्मभर.

पुढं दौंडच्या एका दवाखान्यात रक्ताची सोय झाली. नवराबायको पोरीला घेऊन एस्टीनं जायचे, पिशवी रिकामी होईस्तोवर पलंगाशी बसायचे. जाताना मान टाकलेली नीलम येताना खिडकीशी बसून गवळण म्हणायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "भरली का टाकी?" म्हणायचा. "आता निमोण्यापातूर गाडी ही पोरगीच वढणार!"

नीलम शाळेत जायला लागली तेव्हा दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"प्रत्येक रक्ताबरोबर लोह अंगात येतं," बाई म्हणाल्या. "ते शरीराला बाहेर टाकता येत नाही. साठत जातं. आधी यकृतात, मग हृदयात."

आनंदराव म्हणाला, "पाटसकडं उसाची रानं खारावली, तसंच की वं हे. पाणी देत ऱ्हायचं, निचऱ्याला वाट न्हाई. खार वर येतो आन् रान मरतं."

"अगदी तसंच. तिथं चर काढतात ना? हा पंप म्हणजे चर," म्हणत बाईंनी एक यंत्र पुढं ठेवलं.

चष्म्याच्या डबीपेक्षा जरा मोठं असं ते यंत्र होतं. पुण्यात अशाच लेकरांच्या आईबापांनी मंडळ काढलं होतं, त्यांनी ते वापरायला दिलं. रोज सांजेला औषध भरायचं, पोटाच्या कातडीखाली बारीक सुई घालायची, पंप कमरेला बांधायचा. औषध थेंबाथेंबानं सकाळपर्यंत जात राहणार आणि साठलेलं लोह लघवीवाटे निघणार. लघवी तांबूस झाली की समजावं, चर वाहिला.

"सुईची जागा बदलत जा," बाईंनी सांगितलं. "आठवड्यातून एक दिवस आराम दिलात तरी चालेल."

बाकीचं ललितानं ध्यानात ठेवलं. हे शेवटचं आनंदरावानं.

सुई टोचायला ललिताच शिकली. आनंदरावानं एकदा हातात घेतली, तर हात असा थरथरला की सुई भुईवर पडली. ललितानं जुन्या खणाची पंपाला पिशवी शिवली. सांज झाली की पोरीला पुढ्यात घ्यायची आणि झंपर वर करायची. नीलम किंचाळायची, "आई, कसाई हायेस तू!" भिंतीपलीकडून शेजारची सरूबाई ओरडायची, "काळीज हाय का धोंडा गं तुझं?" ललिता सुई घालून पंप कमरेला बांधायची. आनंदराव ओट्यावर बसून मोठ्यानं नाम घ्यायचा, आतलं ऐकू येऊ नये म्हणून.

आरामाचा वार कोणता, याचा त्याला विचार करावा लागला नाही. सोमवार. सोमवारी गावात कुणी बैल औताला धरत नाही, नंदीचा वार तो. मुक्या जनावराला जी सूट, ती लेकराला का नसावी? मग अमावास्या आली. अमावास्येलाही औत बंद असतं. मग एकादशी आली. उपाशी पोटात सुई कशी घालायची? आणि पोटावर सुईच्या जागी गाठी धरल्या, तेव्हा तर त्याच्यातला कुणबीच जागा झाला. सुजल्या खांद्यावर जू ठेवणाऱ्याला गाव नाव ठेवतं. त्यानं बैलाच्या खांद्याला लावतात तशी लोण्यात हळद कालवून त्या गाठींना लावली आणि सूज उतरेपर्यंत पंप फडताळात ठेवून दिला.

पोरगी हुशार. बापाची नस तिला सापडली.

"अण्णा, आज सोमवार ना?"

"मंगळवार हाय, लबाडे."

"मग पुढचा सोमवार आजच करा की."

आनंदराव खो खो हसायचा आणि सुट्टी द्यायचा. चुलीपुढून ललिता म्हणायची, "तुमच्या पंचांगात आठवड्याला सोमवार किती असत्यात वं?"

"अगं, पोर हाय. वढवंल तेवढंच वढायचं."

दिवस असेच गेले. नीलम चौदाची झाली, पण दिसायची नऊ-दहाची, आणि रंगानं काळवंडत चालली. दौंडला रक्त तपासलं, तर लोहाचा आकडा फार वर निघाला. बाईंनी विचारलं, "पंप रोज चालतो ना?"

"रोज. सुट्टीचा वार सोडून," आनंदराव म्हणाला, आणि त्याला ते मुळीच खोटं वाटलं नाही. सुट्टी म्हणजे बाईंना आठवड्याचा एक दिवस वाटला. ललितानं नवऱ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. परक्या बाईपुढं नवऱ्याची मान खाली कशी घालवायची? एस्टीत मात्र ती म्हणाली, "आज बोलायला पायजे होतं मी."

"पोरगी गाती, हसती," आनंदराव म्हणाला. "कागदावरचा आकडा खरा का डोळ्यापुढची पोर खरी?"

त्या श्रावणात गावात सप्ताह बसला. नीलमचा आवाज म्हणजे काय सांगू! हरिपाठाला पोरींच्या पुढं तिला उभी केली, तर म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. आनंदराव म्हणाला, सप्ताहभर पंप नको, देवाच्या दारात सुई नको. तिसऱ्या सांजेला ललिता खणाची पिशवी घेऊन मांडवातच आली.

"चल नीलम, घरी."

"राहू दे गं," आनंदराव टाळ थांबवून म्हणाला. "देवाच्या दारात हाय ती."

"देव नगं म्हणलाय का सुईला? इचारा त्याला."

बायकांत कुजबुज झाली. सरूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिला मांडवात सुद्धा पोरीचं सुख बघवंना." नीलम बापाच्या मागं लपली. ललिता पिशवी पदराखाली धरून एकटी परत गेली.

भाद्रपदात नीलमचे पाय सुजले. आडवं झालं की दम कोंडायचा, बसूनच डोळा लागायचा. जीपगाडी करून दौंडला नेली. तपासून झाल्यावर बाई आनंदरावाला बाहेर घेऊन आल्या.

"हृदयात लोह साठलंय. पंप किती बंद असायचा? खरं सांगा."

त्यानं सगळं सांगितलं. सोमवार, अमावास्या, एकादशी, सूज, सप्ताह. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बैल सोडला की औत थांबतं, आनंदराव. हे लोह सोमवारी थांबत नव्हतं."

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन झाला. दम कमी होईपर्यंत हलवू नका, म्हणाले. औषध आता थेट शिरेतून सुरू झालं, दिवसरात्र, खंड न पाडता. एवढाच एक मार्ग उरला होता, तोही उशिरा धरलेला.

पोळ्याचा दिवस उजाडला. आपल्याकडं पोळा भाद्रपदी. आनंदरावाचे बैल त्याच्या चुलतभावानं धुतले, रंगवले, मिरवले. हा दौंडलाच होता. दुपारी नीलमनं डोळे उघडले. नळी लावलेला हात तिनं थोडा उचलला.

"अण्णा, पोळा ना आज?"

"व्हय बाळा."

"बैलांना पण सुट्टी. हे काढा. आजच्या दिस. फकस्त आजच्या दिस."

आनंदरावानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "न्हाई."

तिला वाटलं, अण्णा थट्टा करतायत. ती हसलीसुद्धा. मग दुसऱ्या हातानं नळी उपसायला गेली. आनंदरावानं तिची दोन्ही मनगटं धरली. पोरीत जोर कुठला? तरी तिनं जीव खाऊन झटके दिले. त्यानं सोडलं नाही.

"तुम्ही पण आईसारखं झाले," ती म्हणाली. "कसाई हाय तुम्ही."

आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

आनंदरावानं वळून पाहिलं. ललिता भुईवर पलंगाच्या पायाशी बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला रोजचं व्हतं ते."

नीलम पुन्हा बापाशी बोलली नाही. दसऱ्याच्या आधी ती गेली. गेली तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं.

दहाव्याला घोडनदीच्या काठी गाव जमलं. पोपटराव पाटलांनी आनंदरावाच्या खांद्यावर हात ठेवला, "बापानं लई जीव लावला पोरीला." मागं बायकांत सरूबाई कुणाच्या तरी कानात म्हणाली, "आईनं मातर टोचून टोचून पोटाची चाळण केली."

आनंदरावानं ते ऐकलं. तो ओल्या धोतरानं तसाच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिनं टोचलं म्हणून नीलम चौदा वर्सं जगली. पुढली वर्सं म्या सुट्टीत घालवली."

ललितानं ते ऐकलं, पदर सारखा केला आणि घराची वाट धरली. ते ऐकून तिला बरं वाटलं असेल, असं समजू नका. पोर गेल्यावर खरेपणा मिळून आई काय करणार?

नीलमसाठी तुम्ही हात जोडाल, ते मी सांगायला नको. आनंदरावाचीही तुम्हाला दया येईल, येऊ द्या. पण माझं एक मागणं ऐका. सांजेला देवापुढं दिवा लावाल तेव्हा ललिताचं नाव घ्या. लेकराचं रडणं ऐकूनही जिनं आपला हात थरथरू दिला नाही, त्या ललिताची आठवण ठेवा.