टाकीतली मंडळी

शहरातल्या एकूण एक मोरीचं, बेसिनचं आणि संडासाचं पाणी शेवटी ज्याच्या दारात येतं, त्या माणसाला सगळे गटारमास्तर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. घरात मात्र तो धाकटा. त्याच्याहून बराच मोठा असलेला दादा अजूनही त्याला धाकट्या अशीच हाक मारायचा, मग समोर कुणी का असेना.

काम वाटतं तितकं ओंगळ नव्हतं. सांडपाणी केंद्राच्या मधोमध एक भलीमोठी गोल टाकी होती, वरून उघडी. तळाच्या नळ्यांतून तिच्यात अखंड हवा सोडलेली असे, आणि त्या बुडबुडणाऱ्या तपकिरी पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव शहराची घाण खाऊन सुखाने जगत. धाकटा त्यांना मंडळी म्हणायचा. कामावर आला की आधी टाकीचा वास घ्यायचा. ओल्या मातीसारखा वास आला, की मंडळी पोटभर जेवलीत म्हणून समजायचं. मंडळींनी साफ केलेलं पाणी निवळून चरात उतरे, आणि तो चर जाई दादाच्या तळ्यांकडे. दादाचे मासे त्याच पाण्यावर वाढत. तळ्यांतून ते नदीला मिळे. चारचौघांत कुणी नाक मुरडलं तर दादा म्हणायचा, "तुमचंच पाणी आहे, ओळख दाखवायला लाजता कशाला?"

दोघा भावांचा एक नेम होता. धाकट्याने चराच्या तोंडाशी काचेची बरणी भरून कट्ट्यावर ठेवायची. दादाने तळ्यातलं बोटभर पिल्लू आणून तिच्यात सोडायचं. मग दोघांनी चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत पिल्लू टुणटुणीत राहिलं, की धाकट्याने म्हणायचं, "घे रे दादा," आणि दादाने जाऊन तळ्याची फळी उचलून पाणी आत घ्यायचं. केंद्रात तपासणीची यंत्रं होती, पण दादाचा भरवसा पिल्लावर आणि भावाच्या शब्दावर. पिल्लू कधी मेलंच नव्हतं, त्यामुळे सगळा प्रकार म्हणजे चहाचं निमित्त होऊन बसला होता.

मग पूर आला. नदी बाजारात शिरली, शाळेत शिरली, तळमजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन कपाटं उघडून आली. दादाचा नदीतून पाणी उपसायचा पंप खोलीसकट वाहून गेला. पण तळ्यांचे बांध टिकले. टाकीही टिकली. पाणी तिच्या काठाखाली येऊन थांबलं आणि मुकाट्याने माघारी फिरलं. गटारांतून आलेल्या लोंढ्याबरोबर बरीच मंडळी वाहून गेली, पण उरली त्यांनी पुन्हा संसार थाटला, आणि टाकीला ओल्या मातीचा वास येऊ लागला.

शहराचंही तसंच. एरवी गाडी लावण्यावरून एकमेकांची गचांडी धरणारी माणसं आता एकमेकांच्या गाद्या डोक्यावरून वाहत होती. धाकट्याच्या समोरच्या घरातल्या मावशी कुणाला चिमूटभर साखर द्यायच्या नाहीत. त्यांनी वरच्या मजल्यावर दोन कुटुंबं ठेवून घेतली आणि दिवसभर तोंड सोडत त्यांना जेवू घातलं. धाकट्याची बायको शाळेत शिकवायची. तिने वर्गावर्गांतून चिखल उपसून घेतला. आपलं शहर इतकं चांगलं आहे हे धाकट्याला नव्यानेच कळत होतं, आणि त्याचा ऊर भरून येत होता.

चिखल गेला, तशी रोगराईची भीती आली. जंतुनाशकाचे डबे भरून ट्रक आले. फुकट. कोणत्या गल्लीला किती, ते बायकोनेच ठरवलं, आणि सगळ्यांनी एकाच रविवारी घरं धुवायची असं ठरलं, म्हणजे या घरातले जंतू त्या घरात जायला नकोत. मावशींनी आपल्या वाट्याचा डबा तर ओतलाच, वर शेजाऱ्याचा उरलेलाही मोरीत रिकामा केला. "थोडक्याने कुठे मरतात मेले!" धाकटाही दंडापर्यंत बाह्या सारून भिंती घासत होता. ते पांढरं पाणी फेसाळत मोरीत उतरताना त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला इतकंच वाटलं की चला, घर चकाचक झालं. ते पाणी कुठे जातं हे बघणं शहरात एकाच माणसाचं काम होतं, आणि त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

सोमवारी टाकीला इस्पितळाचा वास येत होता.

तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी त्या काचेखाली मंडळींची नुसती झुंबड असे. देठावर डुलणारे पेले, केसाळ चपला, वळवळणारे दोरे. बाई बराच वेळ काच सरकवत राहिल्या.

"कुणी हलत नाहीये हो."

"दुसरा थेंब घ्या."

"हा चौथा आहे."

धाकट्याने हवा वाढवली. मग हवा वाढवून काय उपयोग, श्वास घ्यायला कुणी उरलंय का, असं मनात आलं, तरी तशीच ठेवली. नगरपालिकेतून साहेबांचा फोन आला की टाकी लवकरात लवकर सुरू करा. "साहेब, तिला बटण नसतं," धाकटा म्हणाला. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. शेजारच्या शहरातून टँकरभर जिवंत गाळ आणून टाकीत विरजणासारखा घालावा, म्हणून त्याने तिथल्या माणसाला फोन लावला. तो बिचारा आधीच रडकुंडीला आलेला. त्यांच्याकडेही रविवारीच सफाई झाली होती.

शहराला काही दिवस थांबा म्हणता येत नाही. माणसं आंघोळी करत होती, भांडी घासत होती, आणि ती सगळी घाण टाकीत येऊन जशीच्या तशी चरात उतरत होती. त्या सोमवारी सकाळी दादा आला, बरणीत पिल्लू सोडलं, आणि चहाचा कप तोंडाला लावायच्या आत पिल्लू उलटं झालं. दादाने कप खाली ठेवला.

"हे काय रे?"

धाकट्याने सांगितलं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कधी उघडू?"

"उद्या बघू."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "मग आम्ही काय करायचं होतं? घाणीत लोळायचं होतं?"

"नाही गं."

"मग तू सांगायचंस ना! तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मला सुचलंच नाही," तो म्हणाला, आणि खरंच तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न येता तळ्यावर गेली.

तळ्यावर काय चाललं होतं ते बघवत नव्हतं. पाणी आत घ्यावं तर विष, न घ्यावं तर तळ्यातलं पाणी उन्हाने आटून शिळं होत चाललेलं. कुणाचा तरी पंप मागून आणला, तर नदीच्या गाळाने तो तासाभरात चोंदला. पहाटे मासे तोंडं वर करून हवा शोधत. सगळं तळं तोंडांनीच भरलेलं. दादा, वहिनी, धाकटा आणि बायको पाण्यात कमरेइतकं उतरून फळ्यांनी पाणी बडवायचे, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. बायकोच्या हातांना फोड आले, फुटले, तरी ती बडवतच राहिली. वहिनी तिला म्हणाली, "अगं, तुझ्यामुळे झालं असं कुणी म्हणतंय का?" कुणी म्हणत नव्हतं, हेच तर तिला सोसवत नव्हतं.

दादाने एकदा तळ्याच्या तळाचा चिखल बादल्या भरभरून आणला आणि टाकीत ओतला. "यात असेल की तुझी चार मंडळी. वाढतील." धाकट्याला हसू आलं. एवढ्या टाकीला बादलीभर चिखल म्हणजे काय, हे त्याने दादाला सांगितलं नाही. दोघं काठावर उभे राहून तो चिखल विरघळताना बघत राहिले.

रोज सकाळी पिल्लू मरत होतं. रोज दादा विचारत होता, "उघडू का?" आणि रोज धाकटा म्हणत होता, "एक दिवस थांब." नुसतं एवढंच सांगायला कट्ट्यावर बसायचं, याची त्याला धास्ती बसली होती. आपण काहीतरी करतोय असं दाखवायला तो नळ्या तपासायचा, झडपा फिरवायचा, पुन्हा होत्या तशा करायचा. खरं म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं. मंडळी यायची तेव्हा येणार होती. त्यांना ना दादा माहीत होता, ना त्याचे मासे. मग दादाने पिल्लू आणणंच बंद केलं. "कशाला उगाच एक आणखी," म्हणाला. एका सकाळी तो चहालाही आला नाही.

त्याच दिवशी दुपारी बाईंनी हाक मारली. धाकटा धावत गेला. काचेखाली राखाडी चोथ्याच्या कडेला एक इवलासा जीव देठावर डुलत होता. आणि पलीकडे आणखी एक.

"आली हो मंडळी," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता वाढतील भराभर. आठवड्याभरात पाणी निवळेल."

कुठून आली? दादाच्या चिखलातून, की टाकीच्या कुठल्याशा भेगेत जीव मुठीत धरून बसलेली? ते सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. धाकटा ते ऐकायला थांबला नाही. त्याने सायकल काढली आणि तळ्याकडे दामटली. दादाला अजून थोडे दिवस कळ काढायला सांगायची होती. या वेळी सांगायला खरंच काहीतरी होतं.

दादा तळ्याच्या खालच्या अंगाला होता. तिथून पाणी नदीकडे जातं. तिथली जड फळी त्याने खांद्यावर पेलून धरली होती, आणि तिच्याखालून पाणी धो धो सुटलं होतं. त्या पाण्यात चांदीच्या पट्ट्या चमकत होत्या. बाकीची तळी आधीच रिती झाली होती. वहिनी बांधावर डोक्याला हात लावून बसली होती.

"दादा! अरे, मंडळी आली! आठवड्यात पाणी देतो तुला!"

"येणारच होती," दादा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "यांच्याकडे आठवडा नाही रे. सकाळपासून नुसती पोटं वर यायला लागली. म्हटलं, माझ्याकडे मरण्यापेक्षा नदीत जाऊ देत. नदीला पाणी आहे. जगतील."

धाकट्याने फळीला हात लावला, पण दादा म्हणाला, "मी धरलीये. तू खाली जाऊन बघ, कुठे अडकत तर नाहीत ना."

तो तळ्याखालच्या चराच्या कडेने निघाला. पुढे चर वळतो, आणि वळणापलीकडचं तळ्यावरून दिसत नाही. वळण ओलांडलं आणि तो जागीच थांबला. नदीपर्यंतच्या सगळ्या चरात माणसं उतरली होती. पडदे, मच्छरदाण्या, टोपल्या, धुण्याच्या बादल्या, ज्याला जे मिळालं ते घेऊन. सगळी ओळखीची. पुरानंतर पहिल्यांदाच ही माणसं इतकी खुशीत दिसत होती. कुणीतरी मासा हातातून निसटला म्हणून पाण्यात बसकण मारली होती, आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

"अहो, सोडा त्यांना! दादाचे आहेत!" तो ओरडला. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? जवळच मावशी लुगडं खोचून उभ्या होत्या. त्यांची बादली काठोकाठ भरली होती.

"ये रे मास्तर! पुराने सगळं नेलं, आता हे तरी आणून दिलं. घरात इतकी तोंडं आहेत, आज पोटभर घालीन सगळ्यांना."

"मावशी, पुराने नाही आणले. दादाने तळं सोडलंय. मरत होते म्हणून."

मावशींच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी एकदा बादलीत पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "अगं बाई, दादांचे?" म्हणत त्यांनी बादली पाण्यात उपडी केली. मासे सुटले, हातभर अंतर सळसळत गेले, आणि खाली मच्छरदाणी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या जाळ्यात सगळेच्या सगळे शिरले.

"व्वा मावशी!" तो माणूस ओरडला. "देव तुमचं भलं करो!"

मावशी रिकामी बादली धरून तशाच उभ्या राहिल्या. धाकटा आणखी दोघांशी बोलला, तिसऱ्याचा दंड धरला. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे पण मी सोडले तरी पुढचा पकडणारच ना?" कुणावर राग धरावा असंही कुणी तिथे नव्हतं. याच माणसांच्या गाद्या त्याने वाहिल्या होत्या, आणि याच माणसांनी त्याच्या. तो परत फिरला.

दादा अजून तसाच होता. मान वाकडी झालेली, पाय चिखलात रुतलेले. पाण्याचा जोर ओसरत आला होता.

"कसला गलका रे तिकडे?"

"माणसं जमलीत," धाकटा म्हणाला. "बघायला."

"हं. अडकले नाहीत ना कुठे? सगळे गेले नदीत?"

बांधावरून वहिनीनेही मान वर करून पाहिलं. दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता, रोज बघायचा तसा, शब्दाची वाट पाहत.

"गेले, दादा. सगळे गेले."

दादाने फळी हळूच खाली टेकवली आणि खांदा चोळत तो तिथेच बसला.