फर्स्ट इयरचा बिनविरोध कौल

वल्लरी मॅडम नऊ वर्षं तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होत्या. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, सुट्टी लागली की कुणीच नाही. रोज साताऱ्याहून एसटी धरायची, कोरेगावच्या पुढं उतरायचं आणि दोनशे पोरांच्या हॉलमध्ये माईकवर ओरडायचं. पुढच्या दोन बाकांना ऐकू जायचं, बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये.

या वर्षी त्यांनी त्या मोबाइललाच कामाला लावलं. पडद्यावर प्रश्न टाकायचा, पोरांनी आपल्या फोनवर उत्तर दाबायचं, कुणी काय दाबलं ते दिसत नाही, फक्त रंगीत पट्ट्या वाढत जातात. पहिल्याच दिवशी चारही पट्ट्या सारख्या आल्या आणि हॉलमध्ये जी भांडणं जुंपली, ती ऐकून मॅडमना नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच शिकवतोय. माण तालुक्यातली उत्कर्षा त्याच दिवशी पहिल्यांदा बोलली. तिचे वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर. ही शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

"आमच्या गावात सरपंच बिनविरोधच हुतो," ती म्हणाली होती. "माझ्या चुलतीनं, धोंडुबाईनं, फॉर्म भरला हुता. देवळात बसवून मागं घ्यायला लावला. वर तिच्याच तोंडनं वदवून घेतलं, राजीखुशीनं घेते म्हणून."

त्यावरूनच मॅडमनी पुढच्या प्रात्यक्षिकाचा प्रश्न काढला. गावची निवडणूक बिनविरोध करणं लोकशाहीला पोषक की मारक? हॉल निम्मा-निम्मा फुटणार आणि कॉलेज तपासायला येणाऱ्या मूल्यांकन समितीसमोर मस्त वाद रंगणार, असा त्यांचा हिशेब.

समितीचं प्रकरण साधं नव्हतं. प्राचार्य लालासाहेब केबिनमध्ये स्पष्टच बोलले होते. "एक जागा मंजूर आहे. समितीनं तुमच्या वर्गाचं नाव काढलं तर शिफारस तुमची. नाहीतर जूनपासून तास देणं मला अवघड आहे. आणि वर्गातून एकही पोरगं बाहेर जाता कामा नये." घरी आजारी सासूबाई, नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं. मॅडम मान हलवून बाहेर आल्या. दुसरं करणार काय?

समितीच्या दिवशी शिपायानं हॉलच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घातली. पुढच्या दारात राजवर्धन उभा होता. वर्गाचा म्होरक्या, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा, मनानं चांगला. त्याच्या गावात सोसायटीपासून यात्रा कमिटीपर्यंत सगळं आधी चहावर ठरतं, निवडणूक फक्त कागदाला.

"मॅडम, तुमी काय काळजी करू नका," तो हळूच म्हणाला. "सगळं बिनविरोध केलंय."

"म्हणजे?"

"सकाळीच पार्किंगमधी समद्यांना सांगितलंय, 'मारक' दाबायचं. पुस्तकात तसंच हाय न्हवं? पावण्यांफुडं फाटाफूट दिसाय नको. तुमच्या नोकरीचा प्रश्न हाय."

या पोराला रागवावं की याच्या पाया पडावं, मॅडमना कळेना. तोवर प्राचार्य समितीला घेऊन आत आलेसुद्धा. प्रश्न छापील फायलीत आधीच दिलेला, बदलायची सोय नाही. त्यांनी बटण दाबलं.

'मारक'ची हिरवी पट्टी सरसर वर गेली. लाल जागची हलली नाही. दोनशे पोरं एका दमात एकमतानं म्हणाली की एकमतानं निवड करणं वाईट. मॅडमना हसू आलं आणि लगेच रडू आलं, दोन्ही गिळावं लागलं. प्राचार्य मात्र खुश.

समितीतल्या चष्मेवाल्या बाई पडदा न्याहाळत होत्या. "हजर दोनशे सात, उत्तरं दोनशे सहा. एक कोण राहिलं?"

मग शेवटच्या बाकावरून उत्कर्षा उठली. "मी न्हाई दाबलं."

"का गं?"

उत्कर्षाला 'मारक'च दाबायचं होतं, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. दोनशेंमध्ये तिच्याइतकं मनापासून ते कुणीच दाबलं नसतं. पण पार्किंगमध्ये ठरवून दिलेलं मत ती देणार नव्हती. आता ती तेच सांगणार. मग बाई विचारणार, ठरवलं कुणी? मग फाइल, शिफारस, जून. प्राचार्य मॅडमकडे बघत होते. दाराला कडी होती.

"मॅडम," उत्कर्षा बाईंकडे न बघता वल्लरी मॅडमकडेच बघत म्हणाली, "सांगू का?"

असं कुणी विचारावं म्हणून त्या नऊ वर्षं घसा फोडत होत्या.

"तिची रेंज गेली असेल," मॅडम बाईंना म्हणाल्या. आवाज अगदी सरळ निघाला, याचंच त्यांना नवल वाटलं. "मागच्या बाकांवर जाते कधीकधी. हो ना, उत्कर्षा?"

उत्कर्षाला सगळं समजलं. देवळातली ती बैठक तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "रेंज गेली." आणि खाली बसली.

समितीनं वर्गाचं कौतुक केलं. इतका एकसंध प्रतिसाद त्यांनी कुठं पाहिला नव्हता. महिन्याभरात मॅडमच्या हातात कायम नेमणुकीचा आदेश पडला. राजवर्धननं वर्गातर्फे पेढे आणले, आणि मॅडमनी एक तोंडात घातला. घालावाच लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम नवा प्रश्न टाकला, अगदी भांडण लावणारा. मतदानाची सक्ती असावी की नसावी? पोरांनी फोन काढले आणि दाबायच्या आधी सगळी डोकी राजवर्धनकडे वळली. त्यानं दोन बोटं वर केली, म्हणजे दुसरा पर्याय. हिरवी पट्टी सरसर वर गेली.

मॅडमनी पडद्यावरचा आकडा पाहिला. या वेळी एकही उत्तर कमी नव्हतं. त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. उत्कर्षानं उत्तर दाबून फोन दप्तरात टाकला होता आणि ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत शांत बसली होती.

मॅडमना आता निवृत्तीपर्यंत याच हॉलमध्ये शिकवायचं होतं.