तेल वरून येतं

"काकू, खरं सांगू? आता हिला भंगारात काढा." गाडीखालून सरपटत बाहेर येत हितेंद्र म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"गेल्या महिन्यात गिअरबॉक्स उतरवून सील बदललंस ना?" नलूताईंनी विचारलं.

"बदललं ना. त्याच्याआधी तेलाच्या चेंबरचं पॅकिंग पण बदललं. तरी तेल गळतंय, म्हणजे इंजिनच गेलं. मी तरी अजून काय करू?"

लालबागच्या या गॅरेजात नलूताई पंधरा वर्षं येत होत्या. हितेंद्र लबाड नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

"मला बाटलीभर डिझेल दे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"गाडी धुते."

ही जुनी मारुती त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकून घेतली होती. तेव्हा त्यांच्या इस्पितळाच्या लॅबमधले सगळे हसले होते. आता गाडीला खरं काम लागलं होतं. थोरली बहीण सुभद्रा खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडेच राहत होती. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी परळला न्यावं लागे. गाडीत बसायलाच तिला पाच मिनिटं लागत. टॅक्सीवाले तोवर हॉर्न वाजवत, आणि सुभद्रा रडवेली होऊन म्हणे, "नको गं, राहू दे." या गाडीत तिच्यावर कोणी ओरडत नसे.

पण गिरगावातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या आवारात रोज तेलाचं थारोळं साचत होतं. मंगळवारी तळमजल्यावरच्या मालनताईंचा पाय त्यावरून घसरला. नशिबाने नुसतं खरचटण्यावर निभावलं. सेक्रेटरी रमाकांत सामंत वर येऊन दारातूनच म्हणाले होते, "नलूताई, रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतोय. तोवर गळती थांबली नाही, तर गाडी आवारात ठेवता येणार नाही."

त्यांचंही चुकत नव्हतं. बाहेर रस्त्यावर तर स्कूटर लावायला जागा नव्हती.

शनिवारी सकाळी नलूताई जुना गाऊन घालून, केस बांधून खाली उतरल्या. बॉनेट उघडलं. टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून त्यांनी इंजिन घासायला घेतलं. काजळी निघता निघेना. दोन तास घासलं, जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी कोरडं केलं, आणि मग साऱ्या इंजिनवर टाल्कम पावडर भुरभुरवली. जाणारे-येणारे थांबून बघत होते.

"गाडीला घामोळं आलंय का?" रमाकांतनी विचारलं.

"हो. कुठून फुटतंय ते बघायचंय."

परळच्या त्या इस्पितळात चौतीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या होत्या. एकदा एका पोराचा ताप उतरेना. रक्तात काही नाही म्हणून डॉक्टर मोकळे झाले. नलूताईंनी आपणहून पुन्हा रक्त घेतलं, ताप चढत असताना घेतलं, आणि तिसऱ्या पट्टीवर मलेरियाचे जंतू सापडले. पोरगा वाचला. रिपोर्टवर सही डॉक्टरांची होती. नलूताईंची फक्त आद्याक्षरं, तीही कोपऱ्यात.

इंजिन वीस मिनिटं जागेवर चालू ठेवलं. पावडर कोरडीच. नलूताईंनी हात पुसले. ताप चढल्याशिवाय हे दिसायचं नाही, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"सुभद्रे, चल. वरळीला जाऊ."

"आत्ता? उन्हाची?"

"आत्ताच. तुझ्या पर्समधला आरसा घे."

वरळीच्या समुद्राशी पोचेपर्यंत इंजिन चांगलंच तापलं होतं. गाडी कडेला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. खाली गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ पावडर भिजून काळी पडली होती, हितेंद्र म्हणत होता अगदी तिथेच. क्षणभर त्यांचा धीर सुटला. पण पट्टी अर्धी बघून सोडायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी आरसा इंजिनच्या मागे धरला, तिरका केला, मोबाइलच्या उजेडात हळूहळू वर सरकवला.

पांढऱ्या पावडरीतून काळी, बारीक रेघ वर चढत गेली होती. जाऊन थांबली ती थेट वरच्या बाजूला, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी. त्याच्या वर सगळं स्वच्छ, कोरडं, पांढरं.

"सुभद्रे!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की कठड्यावर बसलेली जोडपी वळून बघायला लागली. "वरून येतंय गं! तेल वरून येतंय!"

"चांगलं की वाईट?" सुभद्राने काळजीने विचारलं.

नलूताई हसतच सुटल्या. हसता हसता कपाळ पुसलं, तिथे काळा पट्टा उमटला.

वरळीहून त्या थेट गॅरेजात गेल्या, पण हितेंद्रला पटेना. "डिस्ट्रिब्युटरमधून एवढं तेल? काकू, काहीही काय!" त्यांनी आरसा पुढे केला. तो वाकला. आरसा इंजिनामागे धरला.

"च्यायला," आतून आवाज आला. "इथून उतरून सांध्यावर जमतंय. आणि मी सारखा खालूनच बघतोय."

त्याने जागेची खूण करून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. त्यावरची रबराची रिंग कडक होऊन काचेसारखी झाली होती. नखाने उचकटताच तिचे दोन तुकडे पडले. नवीन रिंग बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. गिअरबॉक्सला कोणी हातसुद्धा लावला नाही.

"सॉरी, काकू," हितेंद्र खाली बघत म्हणाला.

"सॉरी कसलं? तू जिथे ओलं दिसलं तिथे बघितलंस. सगळेच तसं बघतात."

रात्रभर गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं. रविवारी सकाळी मीटिंगला जमलेल्या सगळ्यांसमोर नलूताई म्हणाल्या, "रमाकांत, तुम्हीच काढा."

रमाकांत गुडघ्यावर बसले आणि कागद ओढून काढला. उलटा केला, सुलटा केला. एक थेंब नव्हता. मालनताईंनी पहिली टाळी वाजवली.

"विषय रद्द," रमाकांत म्हणाले. मग कागदाची घडी करत, "माझ्या स्कूटरचं पण जरा बघाल का?"

बुधवारी व्यायामाहून परतताना हितेंद्रचा फोन आला. "काकू, जवळपास आहात? एक जुनी गाडी आलीय. तीन ठिकाणी दाखवून झालं, कोणाला सापडत नाहीये."

नलूताईंनी गाडी लालबागकडे वळवली. सुभद्राला दार उघडून सावलीत बसवलं, तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. गॅरेजसमोर अनोळखी गाडीच्या उघड्या बॉनेटभोवती चार-पाच पुरुष वाकून उभे होते. नलूताईंनी हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि पदर खोचला.

"जरा बाजूला व्हा," हितेंद्र त्या सगळ्यांना म्हणाला. "त्यांना उजेड लागतो."