स्टिअरिंगच्या पोटातल्या वायरी

सासऱ्यांचं आणि जावयाचं बोलणं नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बोलणं होतं आणि रोज होतं, फक्त ते लेकीच्या मार्गे व्हायचं. दोघं एकाच शेडमध्ये, एकाच बॉनेटवर वाकलेले असले तरी सासरे म्हणायचे, "त्याला सांग, पाना जागेवर ठेव म्हणावं." जावई म्हणायचा, "बाबांना सांग, ठेवलाय." लेक पायरीवर बसून लसूण सोलत राहायची. तिनं सांगायची गरज पडायची नाही, पण ती उठून आत गेली की दोघंही मुके व्हायचे.

याचं मूळ लग्न ठरण्याच्या बैठकीत होतं. सासरे पत्र्याचे मिस्त्री. चेपलेलं मडगार्ड त्यांच्या हाताखालून गेलं की त्याला स्वतःलाही आठवायचं नाही, आपण कुठं आपटलो होतो ते. जावई गाड्यांचा वायरमन. त्याचा धंदा कळल्यावर सासरे भर बैठकीत म्हणाले, "पत्रा ठोकतो तो मिस्त्री. वायरी काय, स्वेटर विणणारी बाईसुद्धा जोडेल." सगळे हसले. जावईही हसला, आणि तिथंच त्याचं चुकलं. त्याच दिवशी भांडला असता तर आठवड्यात मिटलं असतं. हसून गिळलेली गोष्ट पचत नाही, नुसती मुरत राहते.

तरी त्या जुन्या पिकअपनं दोघांना एकत्र आणलं होतं. गोल नाकाची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली ती गाडी सासऱ्यांनी तरुणपणी घेतली होती आणि म्हातारपणी पुन्हा उभी करायला काढली होती. पत्रा सासऱ्यांचा, वायरिंग जावयाचं. गाडी रंगून चकचकीत झाली, आणि नेमका त्याच सुमारास सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, चालायला लागले, दोघा-चौघांवर खेकसलेही, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखी मिटेनात. तेव्हापासून तो हात खिशात घालून उभं राहायची त्यांनी नवी ढब काढली. जसं काही ते कायमच असे ऐटीत उभे राहत आले होते!

डॉक्टरांनी तपासून हळू गाडी चालवायला हरकत नाही, असं सांगितलं. त्यावर सासऱ्यांनी लेकीला बजावलं, "त्याला सांग, गाडी जशी होती तशीच पाहिजे. आजाऱ्याची गाडी करून ठेवलीत तर भंगारात घालीन, आणि परत स्टिअरिंगला हात लावणार नाही."

हा माणूस बोलल्याप्रमाणे करायचा. एकदा शेजाऱ्याकडे बघणार नाही म्हणाले होते. शेजारी घर सोडून गेला, तरी हे त्या रिकाम्या घराकडे पाठ करून बसत.

आता अडचण अशी होती की इंडिकेटरचा खटका स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, आणि तोही जुन्या काळचा, दार उघडल्यासारखा जोर लावावा लागणारा. एका दुपारी जावई शेडच्या दारात आला तेव्हा सासरे एकटेच गाडीत बसले होते. त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी खटका उचलून पाहिला. बोटं घसरली. मनगटानं रेटला, हलला नाही. मग डावा हात वळसा घालून आणला, तर तो स्टिअरिंगमध्येच अडकला. शेवटी त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि खटका पुसायला सुरुवात केली, जणू तेवढ्यासाठीच आले होते. जावई पाय न वाजवता मागे फिरला.

त्याच्यावर एक काम आधीच सोपवलेलं होतं. मूळच्या वायरी स्टिअरिंगच्या नळीला बाहेरून चिकटपट्टीनं बांधलेल्या असायच्या, आणि त्या सासऱ्यांना आयुष्यभर भिंतीवरच्या पालीसारख्या खुपल्या होत्या. "त्याला सांग, यावेळी एकही वायर दिसता कामा नये." जावयानं त्या नळीच्या आतून घेतल्या. पण जाता जाता खटक्याचं डोकं उघडून आतली दणकट स्प्रिंग काढली, मऊ घातली, आणि नुसत्या स्पर्शानं चालेल असा बारका स्विच बसवला. बाहेरून खटका तोच, त्यावरचा ओरखडासुद्धा तोच. फक्त नव्या स्विचसाठी जादा वायरी लागल्या, आणि नळीत आधीच स्टिअरिंगचा दांडा फिरत असल्यानं जागा जेमतेम. ठासून बसवल्या. बायकोलाही सांगितलं नाही. बायकोला सांगणं म्हणजे बाबांना सांगणं, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

रविवारी सकाळी सासरे गाडीत बसले. लेक शेजारी, जावई बाहेर खिडकीशी. सासऱ्यांनी मनगट खटक्याला लावलं मात्र, दिवा टिकटिकू लागला. त्यांनी खटक्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. "त्याला सांग, बरा बसवलाय." जावयाला हे शाल-नारळासारखं वाटलं.

गाडी अंगणात निघाली. कोपऱ्यावर सासऱ्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि हॉर्न बोंबलला. सरळ केलं, गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा बोंब. लेक पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बाबा, डावीकडे जायचं नाही म्हणतेय ती!"

सासऱ्यांनी गाडी बंद केली. "त्याला सांग, स्टिअरिंग उघड."

"बाबांना सांग, उद्या निवांत बघतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

जावयानं पाना उचलला, पण सावकाश. हॉर्नचं काय, ते मिनिटाचं काम. पण नळी उघडली की जादा वायरी दिसणार, वायरींमागून स्प्रिंग दिसणार, आणि गाडी भंगारात. पर्याय नव्हता. त्यानं स्टिअरिंग उतरवलं.

हॉर्नच्या वायरीची साल फिरत्या दांड्यानं सोलली होती. तांबं लोखंडाला टेकलं की हॉर्न. सासऱ्यांनी डाव्या हातात बॅटरी धरली आणि आत डोकावून पाहिलं. उजेड त्या वायरीवर थांबला, मग शेजारच्या वायरींवर सरकला, त्यांच्या मागोमाग चढत खटक्याच्या डोक्यात शिरला. तिथं बराच वेळ राहिला. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि न मिटणाऱ्या बोटानं ती मऊ स्प्रिंग दाबली. सोडली. परत दाबली.

लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण निरोपच नव्हता.

"बसवल्यावर स्टिअरिंग फिरवून बघितलं नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयानं सवयीनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. प्रश्न थेट त्याला होता.

"उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं नाही, टायर घासतात, असं तुम्हीच बजावलंय ना, बाबा."

"मी सांगतो ते सगळं ऐकतोस?"

"सगळं नाही," जावई स्प्रिंगकडे बघत म्हणाला.

सासरे हसले नाहीत, पण मिशी हलली. "नुसत्या वायरी कोंबून भागत नाही. आत पत्र्याची बारीक पन्हळ पाहिजे, भिंतीला चिकटून. वायरी तिच्यात, दांडा आपला मोकळा. पन्हळ मी ठोकतो."

"धरायला—"

"धरायला हा पुरतो," ते म्हणाले आणि उजवा हात पत्र्याच्या तुकड्यावर ठेवला. तुकडा थोडा सरकला. जावयानं तुकड्याचं दुसरं टोक धरलं, विचारलं नाही आणि त्या हाताकडे बघितलंही नाही. डाव्या हातातला हातोडा पहिल्यांदा तिरका पडला, दुसऱ्यांदा कमी तिरका.

"आता मी काय करू?" लेक म्हणाली. "माझी तर नोकरीच गेली."

"लसूण सोल," सासरे म्हणाले. मग ठोकता ठोकताच, मान वर न करता, जावयाला म्हणाले, "आणि ते हॉर्नचं बटणही जड आहे रे. उघडलंच आहेस तर बघ."