उशिरावाडी

आमच्या वस्तीचं नाव उशिरावाडी, आणि त्यावरून माझ्या माहेरच्यांना आयतं कोलीत मिळतं. "तुमच्याकडे सूर्य तरी वेळेवर उगवतो का गं?" भाऊ हमखास विचारतो. नवी नवरी होते तेव्हा मला ते फार झोंबायचं.

मग सासऱ्यांनी नावाची गोष्ट सांगितली. सुरुवातीला इथे सहाच घरं होती आणि बैलजोडी एक, माझ्या आजेसासूबाईंची. म्हातारी खमकी. तिचा नियम असा, की जोडी ज्याची, त्याचं शेत शेवटी. आणि शेवटचं शेत निघेपर्यंत कुणाचंच धान्य बाजारात जायचं नाही. साहजिकच वस्ती दरवर्षी सगळ्यांच्या मागून पोचायची. लोकांनी हसून हे नाव ठेवलं आणि म्हातारीने ते खुशाल मिरवलं.

यंदा आम्ही हार्वेस्टर घेतला. चालवते मी. दोनच शेतं उरली होती, आमचं आणि शेजारच्या काकांचं, आणि आभाळ भरून आलं. बांधाच्या भांडणावरून काकांचं आमच्याशी बोलणं बंद होतं.

"आज आधी आपलं," मी सासऱ्यांना ठणकावलं. "वर्षाचा घास आहे."

"मशीन तुझ्या हातात आहे, बाई," ते एवढंच म्हणाले.

बांधापाशी आले तर काका एकटेच विळा घेऊन कोपऱ्यात कापत बसलेले. मोडेन पण वाकणार नाही, असा माणूस. मला संताप आला. त्यांचा, म्हातारीचा आणि माझाही. चाक मात्र मी त्यांच्याच शेतात वळवलं.

"सरका काका, विळ्याने काय होणार आहे?"

ते विळा घेऊन बांधावर सरकले.

त्यांचं शेत निघालं. आमचं अर्धं झालं आणि पाऊस कोसळला. उरलेला गहू लोळला. मी हार्वेस्टरमध्ये बसून रडले, खोटं कशाला सांगू.

लोळलेला गहू मशीनने नीट निघेना. ऊन पडल्यावर घरातले आम्ही सगळे विळे घेऊन बसलो. रस्त्यावर वस्तीचे ट्रॅक्टर पोती भरून उभे होते. मी त्यांच्याकडे गेले.

"तुम्ही निघा. आमच्यासाठी अडू नका, भाव उतरेल."

सगळ्यांत पुढचा ट्रॅक्टर काकांचा. त्यांनी इंजिन बंद केलं.

"शेवटचं शेत कुणाचं राहिलंय?"

"आमचं."

"मग विळा आण."

ते खाली उतरले, आणि मागून एकेक ट्रॅक्टर बंद होत गेला. मी आणखी विळे आणायला घराकडे धावले.