नळ सोडून

वेल्समधल्या आमच्या नान्तवेन गावात इदवाल प्रोबर्टना कोणी कवी म्हणत नसे. ते बाहेरचे लोक म्हणत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण निम्म्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. त्यात मीही आले. मी नेस्टा, पोस्टवाली. पोस्टात टाइपरायटर होता म्हणून मास्तरांच्या कविता मीच टाइप करून द्यायचे, आणि वर त्याचा मोठेपणाही मिरवायचे.

मास्तरांचं आमच्या वेल्श भाषेवरचं प्रेम सगळ्या देशाला माहीत होतं. समन्स इंग्रजीत आलं म्हणून त्यांनी ते घेतलं नाही आणि तीन दिवस तुरुंगात बसून आले. स्टेशनावरची इंग्रजी पाटी त्यांनी हिरव्या रंगाने फासून टाकली. पोरांशी इंग्रजीत बोलणाऱ्या आयांवर त्यांनी अशी कविता केली की पुढची दोन वर्षं आमच्याकडच्या बायका रस्त्यात पोरांना हाक मारायलाही बिचकत होत्या. आणि याच मास्तरांचे दोन्ही मुलगे इंग्लंडातल्या वसतिगृहात राहून शिकले. विजेचं बिल, कराच्या नोटिसा, लंडनच्या प्रकाशकाशी भांडण, सगळा इंग्रजी पत्रव्यवहार त्यांची बायको मार्जरी सांभाळायची. ती लिव्हरपूलची. मास्तर कुत्र्याशी वेल्शमध्ये बोलत आणि बायकोशी इंग्रजीत. यावर गाव हसायचं, पण मास्तरांची पाठ वळल्यावर. समोर हसायची कोणाची छाती नव्हती.

एका गुरुवारी मी पोस्ट बंद करत होते. गुरुवारी आमचा अर्धाच दिवस असतो. मार्जरी आत आली, दार लोटलं आणि वेल्शमध्ये, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "नेस्टा, मला शिकवशील?"

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने पाहुण्यांसमोर वेल्शमधून जेवायला हाक मारली होती, असं तिनेच मला पुढे सांगितलं. मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. वाईट हेतूने नाही, ती लगेच म्हणाली, लाडाने हसले. पण त्यानंतर घरात तिने तोंडातून वेल्श शब्द काढला नव्हता. आता तिला एकच हवं होतं. दोघांपैकी एकाचे डोळे मिटण्याआधी एकदा तरी नवऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचं, आणि त्याला हसू येणार नाही इतकं नीट बोलायचं.

दर गुरुवारी मास्तर तालुक्याच्या गावी भाषामंडळाच्या बैठकीला जात. ते तिकडे भाषा वाचवत आणि त्यांची बायको माझ्या मागच्या खोलीत बसून ती शिकत असे. असे अकरा वर्षांचे गुरुवार गेले. शेवटी शेवटी आम्ही शिकतबिकत नव्हतो, नुसत्या गप्पा मारायचो. ती माझ्या बहिणीच्या सासूची नक्कल करायची तेव्हा मला धाप लागायची. मी म्हणायचे, अगं आता बोल की त्यांच्याशी. ती म्हणायची, अजून थोडं.

मग एकदा मार्जरी एक कविता घेऊन आली.

आमच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, मागच्या दालनात दर वर्षी मे महिन्यात काव्यमेळा भरतो. त्याचे नियम आजोबा-पणजोबांपासूनचे. कविता टोपणनावाने द्यायची. खरं नाव वेगळ्या पाकिटात घालून ते चिकटवायचं, वर फक्त टोपणनाव. परीक्षक मंचावरून एकेका कवितेवर बोलतात, चांगलं-वाईट सगळं, आणि कवी गर्दीत गुपचूप बसून ऐकतो. शेवटी विजेत्याचं टोपणनाव पुकारलं की त्याने जागेवर उभं राहायचं. हरलेल्यांची पाकिटं न उघडता चिटणीसाने दालनातल्या शेगडीत टाकायची, म्हणजे कोणाची लाज चव्हाट्यावर येत नाही. चिटणीस मी. परीक्षक अर्थातच मास्तर.

मार्जरीचं टोपणनाव होतं 'मागचं दार'. कविता लहानशी होती. पुढच्या खोलीत नवरा मित्रांना पाद्र्याच्या गाईची गोष्ट सांगतोय. सगळे हसतात. स्वयंपाकघरात बाई नळ सोडते आणि पाण्याच्या आवाजात हसून घेते, कारण तिला गोष्ट कळल्याचं कोणाला कळता कामा नये. शेवटी ती म्हणते, माझं हसू या घरात कोणी ऐकलेलं नाही, ते रोज पाण्याबरोबर वाहून जातं.

मी म्हटलं, मास्तर ओळखतील, गाईची गोष्ट त्यांचीच आहे. ती म्हणाली, "ती गोष्ट गावातल्या प्रत्येकाने शंभरदा ऐकली आहे. आणि मला वेल्श येतं हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही." तिचं अक्षर ते ओळखतील म्हणून मी कविता टाइप केली. जिंकायची तिला आशा नव्हती. ते दोन शब्द बरे बोलले, एवढंच म्हणाले की बरी आहे, तर त्याच रात्री जेवताना ती सांगणार होती. वेल्शमध्ये.

मेळ्याच्या दिवशी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मार्जरी नेहमीसारखी पहिल्या रांगेत, निळी टोपी घालून, मांडीवर हात ठेवून बसली होती. न कळणाऱ्या माणसाचा सभ्य चेहरा तिला छान जमायचा. मी मंचाशेजारी टेबलाशी, पाकिटांचा डबा पुढ्यात घेऊन. तिथून मला तिचं तोंड समोर दिसत होतं, आणि तिला माझं.

मास्तरांनी पाच कविता निकालात काढल्या. मग चष्मा पुसला. चष्मा पुसला की गंमत येणार हे सगळ्यांना माहीत असायचं, त्यामुळे लोक आधीच सावरून बसले.

"आता 'मागचं दार'," मास्तर म्हणाले. "लाकूड आपलंच आहे. चौकटही आपलीच. पण सुतार बाहेरचा दिसतो, कारण उघडताना हे दार कुरकुरतं ते इंग्रजीत. या कवीला माझा एवढाच सल्ला आहे, की दार लावून घ्यावं. वारा येतो."

सगळं दालन फुटलं. कसाई ट्रेव्हर तर बाक बडवत होता. आणि मी हसले.

हे मला नीट सांगायला हवं, नाहीतर सगळं सांगण्यात अर्थ नाही. मी नाइलाजाने हसले नाही. तोंडदेखलंही हसले नाही. मास्तरांनी विनोद केला की हसायचं, हे मी सात वर्षांची असताना त्यांच्या वर्गात शिकले होते, आणि ते अंगात इतकं मुरलं होतं की डोक्याला काही कळायच्या आत मी खांदे हलवून, दात दाखवून हसत होते. मग माझी नजर निळ्या टोपीकडे गेली. मार्जरी मास्तरांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

पुढे कोणीतरी जिंकलं, उभं राहिलं, टाळ्या झाल्या. मास्तर खाली उतरले, बायकोच्या खुर्चीपाशी वाकले आणि आपण काय बोललो ते तिला इंग्रजीत समजावून सांगितलं. दार, सुतार, वारा, सगळं. बिचारीला एकटीला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून. आजूबाजूचे लोक कौतुकाने बघत होते. मार्जरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हसली, इतरांच्या दहा मिनिटं मागून, भाषा न येणाऱ्याने हसावं तशी. "फारच मजेदार, डिअर," ती इंग्रजीत म्हणाली. मग उठून चहाच्या कपबशा विसळायला गेली. आतून नळाचा आवाज येत होता. मी आत गेले नाही. मला तोंडच नव्हतं जायला.

बाकीची पाकिटं मी शेगडीत टाकली. तिचं पाकीट स्वेटरच्या खिशात ठेवलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पोस्टात यायची, तिकिटं घ्यायची, हवापाण्याचं बोलायची, पण इंग्रजीत. मी वेल्शमध्ये बोलले तर नम्रपणे म्हणायची, "सॉरी, नेस्टा, मला समजत नाही." एकदा मी काउंटरवरून तिचा हात धरला आणि म्हटलं, मार्जरी, मला माफ कर. तिने हात अलगद सोडवून घेतला आणि पावती मागितली. तीन वर्षं हे असंच चाललं. मग हिवाळ्यात तिची छाती भरली आणि आठवड्यात ती गेली. माझ्या माहितीत त्या तीन वर्षांत ती एकही वेल्श शब्द बोलली नाही.

वसंतात मास्तर पोस्टात आले. खूप वाळले होते. हातात चार कागद होते. बायकोवर कविता लिहिली होती आणि ती पाटीच्या दगडावर कोरून चॅपलच्या दाराशी बसवायचं ठरलं होतं. ती त्यांना माझ्याकडून टाइप करून हवी होती. मी उभ्या उभ्या वाचली. कविता चांगली होती, वाईट याचंच वाटतं. मधोमध ओळ होती: 'चाळीस वर्षं तू माझ्या भाषेच्या उंबऱ्यावर बसलीस, कडी मात्र कधीच उचलली नाहीस.'

दार तिचं होतं. त्यांनी दारसुद्धा तिचंच उचललं होतं.

मी आत जाऊन पाकीट आणलं आणि काउंटरवर ठेवलं. म्हटलं, मास्तर, हे उघडून बघा, तीन वर्षांपूर्वी जाळायचं राहिलं होतं. वाटलं, आता हा माणूस माझ्यासमोर कोसळणार, आणि कोसळावा असंही वाटलं.

मास्तरांनी पाकिटावरचं टोपणनाव वाचलं. पाकीट उघडलं नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं, मरायच्या आधी तिने सांगितलं असेल. तसं मी विचारलं.

"नाही. दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं. भांडी घासताना ती नळ मोठा का सोडते, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. तिथे कळलं."

"मग मंचावरून तसं का बोललात?"

त्यांनी काउंटरवरचा तिकिटांचा ट्रे सरळ केला. "ती दुसऱ्या कोणाकडून शिकली होती," ते म्हणाले. "मला न सांगता. घरात मी काय काय बोललो असेन, तिच्यासमोर, तिला कळत नाही म्हणून. मला राग आला, नेस्टा. आणि खाली येऊन तिला इंग्रजीत सांगत होतो ना, तेव्हा मी वाट बघत होतो. ती वेल्शमध्ये उत्तर देईल. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

"पण तुम्ही का नाही वेल्शमध्ये विचारलंत? एकदा तरी?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, आणि मी म्हटलं, मग निदान ही ओळ तरी काढा. कडी तिने उचलली होती, तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. दगडावर खोटं कोरू नका.

मास्तरांनी कागद स्वतःकडे वळवला. चष्मा लावून ओळ वाचली, ओठ हलवत, पुन्हा एकदा वाचली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"ओळ चांगली आहे, नेस्टा," ते म्हणाले.

त्यांनी पाकीट उचललं आणि खिडकीशेजारच्या माझ्या शेगडीत स्वतःच्या हाताने टाकलं. नियमच होता. मी त्यांना अडवलं नाही. ते बाहेर गेल्यावर मी कागद लावला आणि कविता टाइप केली. एकही चूक न करता केली.

आता मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली. दगड अजून चॅपलच्या दाराशी आहे. मेळ्यात लहान मुलांची पाठांतराची स्पर्धा असते आणि दर वर्षी कोणी ना कोणी तीच कविता म्हणतं. बाहेरून येऊन राहिलेल्या इंग्रज आयाबापांना ती मुद्दाम समजावून सांगतात, की बघा, भाषा न शिकल्याने काय होतं. ते मान खाली घालून ऐकतात. माझ्याकडे कोणी कधी विचारायला येत नाही, आणि मी होऊन कधी बोलत नाही. चिटणीस अजून मीच आहे.

कडीची ओळ जवळ आली की मी उठते आणि कपबशा विसळायला आत जाते. मार्जरीची कविता मला पाठ आहे. ती मी म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नळ मोठा सोडून, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.